मिठाला परतीची वाट : तिरुपूरच्या खाऱ्या सांडपाण्याचं प्रकरण

रंगाईच्या धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाला मी कधीकधी विचारतो, शंभर किलो सुती होजिअरी कापड गडद निळं रंगवायला मीठ किती लागत असेल? कुणी मूठभर म्हणतं, कुणी धीर करून किलोभर. हिशेब असा आहे. सॉफ्ट फ्लो मशीनमध्ये, म्हणजे कमी पाण्यात कापड फिरवत रंगवणाऱ्या यंत्रात, किलोभर कापडाला सहा लिटर पाणी धरलं, तर शंभर किलोला ६०० लिटर. गडद रंगाला लिटरमागे ६० ग्रॅम मीठ. म्हणजे ३६ किलो. पाचशेक टी-शर्टांच्या कापडासाठी जवळजवळ पोतंभर मीठ!

आणि यातलं काहीही कापडात राहत नाही. सुताचा धागा पाण्यात पडला की त्याच्या अंगावर ऋण भार येतो. रिअॅक्टिव्ह रंगाचा, म्हणजे सुताशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या रंगाचा, कणही ऋण भाराचाच. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. मीठ मध्ये पडून ही ओढाताण शमवतं, रंग धाग्याला चिकटतो, मग सोडा अॅश, म्हणजे धुण्याचा सोडा, घालून तो पक्का होतो. मिठाचं काम तिथेच संपतं. लग्न जमवून देणारा मध्यस्थ जसा मांडवातून आपल्या घरी जातो, तसं हे मीठही धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातं. तिरुपूरमध्ये ते वर्षानुवर्षं नोय्यल नदीत जात होतं.

नोय्यल कोइमतूरच्या पश्चिमेला वेल्लिंगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे कावेरीला मिळते. वाटेत तिरुपूर लागतं, देशाच्या होजिअरी निर्यातीचं सगळ्यात मोठं केंद्र. गावाच्या खालच्या अंगाला ओरतुपाळयम इथं शेतीसाठी धरण बांधलं, ते १९९२ च्या सुमारास पुरं झालं. हजारो एकर भिजवायला बांधलेल्या त्या धरणात पाण्याऐवजी रंगाई-ब्लीचिंगचं सांडपाणी साठायला लागलं. पाणी साठवू नका, आम्हाला ते नको, असं लाभक्षेत्रातले शेतकरीच सांगू लागले. आपल्याकडे धरणाचं पाणी मिळावं म्हणून माणसं मोर्चे काढतात. धरणाचं पाणी नको म्हणून शेतकऱ्याने कोर्टात जावं, यातच त्या नदीचं काय झालं होतं ते कळतं.

रंग डोळ्याला दिसतो, म्हणून सगळा आरडाओरडा रंगाचा झाला. विहिरी आणि जमीन मात्र मिठाने गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीला तिरुपूरमध्ये सामूहिक प्रक्रिया केंद्रांची, म्हणजे अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र साफ करणाऱ्या केंद्रांची, पहिली पिढी उभी राहिली. चुना, फेरस सल्फेट घालायचं, गाळ बसवायचा, रंग उतरवायचा आणि पाणी सोडायचं. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसायचं, पण विरघळलेलं मीठ जसंच्या तसं पुढे जायचं, कारण चुन्याने सोडियम खाली बसत नाही. नदीत सोडायच्या पाण्याला विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम आहे. रंगाईचं सांडपाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट खारं होतं आणि पहिल्या पिढीच्या केंद्रांकडे त्यावर उपाय नव्हता.

पर्यावरण हानी प्राधिकरणाने पुढे २८,५९६ शेतकऱ्यांसाठी सुमारे २४.८ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. भागून पाहिलं तर माणशी पावणेनऊ हजारही येत नाहीत. विहीर खारी झालेल्या शेतकऱ्याला तेवढ्यात काय करता येतं, हे शेती असलेल्या कुणालाही सांगायला नको.

दुसरी पिढी आणि तिची चूक

नोय्यलच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची संघटना २००३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली. तिथून जे सुरू झालं त्याचा शेवट शून्य विसर्गाच्या सक्तीत झाला : कारखान्यातून नदीत थेंबही जाता कामा नये. ६ ऑक्टोबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं आणि तीन महिन्यांची मुदत दिली.

दरम्यान केंद्रांनी आरओ बसवले होते. आरओचं मेंब्रेन पाणी जाऊ देतं, क्षार अडवतं. जास्त दाबाने सांडपाणी त्यावर ढकललं की एका बाजूने जवळजवळ गोडं पाणी निघतं आणि दुसऱ्या बाजूला दाट खारं पाणी उरतं. त्याला धंद्यात रिजेक्ट म्हणतात. हा शब्द मला कधीच आवडला नाही. नाकारलेलं म्हटलं की त्याचं पुढे काय करायचं, हा विचारच थांबतो. तिरुपूरमध्ये नेमकं हेच झालं.

आरओमुळे एका टोकाला गंमतच झाली. तिरुपूरला पाणी नेहमीच महाग. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींचं पाणी टँकरने आणून कारखाने चालत. पुढे भवानी नदीवरून रोज १८.५ कोटी लिटर पाणी आणणारी योजना आली, तिचा उद्योगांसाठीचा दर सुरुवातीला हजार लिटरला ४५ रुपये होता. आरओचं पाणी या पाण्याइतकंच, खरं तर त्याहून मऊ. म्हणून गोड्या बाजूला गिऱ्हाईक तयार होतं. खाऱ्या बाजूला कुणी नव्हतं. ते पाणी उकळून आटवायचं, कोरडं मीठ करायचं आणि ठेवून द्यायचं, असं कागदावर ठरलं.

आटवणं म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. एक हजार लिटर पाण्याची नुसती वाफ करायला सव्वासहाशे युनिट विजेइतकी उष्णता लागते. एकाची वाफ दुसऱ्याला तापवेल अशी भांड्यांची माळ लावली, किंवा वाफच दाबून परत वापरली, तर हा आकडा बराच खाली येतो. तरीही आरओच्या कितीतरी पट. शिवाय त्या रिजेक्टमध्ये नुसतं मीठ नव्हतं. कॅल्शियम होतं, सिलिका होती, न चिकटलेला रंग होता. रिअॅक्टिव्ह रंगाचा वीस ते तीस टक्के भाग धाग्याला न धरता पाण्यातच राहतो. हे सगळं तापल्या नळ्यांवर कीट होऊन बसलं. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे त्यांनी गिझरची कॉइल काढून बघावी, तेच तिथं झालं, फक्त कोट्यवधींच्या यंत्रात. नळीवर कीट बसलं की उष्णता पलीकडे जात नाही. मग बाष्पीभवन यंत्र अर्ध्या क्षमतेनेही चालत नाही. ते तुंबलं की रिजेक्टच्या टाक्या भरतात. टाक्या भरल्या की आरओ थांबवावा लागतो. कापड मात्र थांबत नाही, ऑर्डरची तारीख ठरलेली असते. मग ते पाणी कुठे जातं, हे रात्री नदीकाठी उभं राहिलेल्याला विचारावं लागत नाही.

२८ जानेवारी २०११ ला मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरची रंगाई-ब्लीचिंग युनिटं आणि सामूहिक केंद्रं बंद करण्याचा आदेश दिला. सातशेहून जास्त युनिटं. वीज तोडली गेली. हजारो कामगार रिकामे झाले, काहींनी गाव सोडलं, रंगाईचं काम दुसऱ्या शहरांकडे वळलं. काही काम चोरून गावोगावच्या शेडमध्येही गेलं. मी न्यायालयाला दोष देत नाही. मुदत देऊनही नदी तशीच होती. पण मेंब्रेन लावलं म्हणजे प्रश्न मिटला, या समजुतीची किंमत त्या वर्षी मजुरांनी मोजली, हे विसरता येत नाही.

खारं पाणी कुणाला हवं आहे?

आता तो सुरुवातीचा हिशेब परत घ्या, कारण सगळ्याची किल्ली त्यातच आहे.

शंभर किलो कापडाला रंगाच्या अंघोळीत ३६ किलो मीठ गेलं. पण कापडाला एकच अंघोळ नसते. आधी खंगाळणं, ब्लीचिंग, नंतर साबण, मग धुणं, पुन्हा धुणं. सगळं मिळून किलोमागे ६० लिटर धरू, म्हणजे ६,००० लिटर. ३६ किलो मीठ ६,००० लिटरमध्ये पसरलं, म्हणजे लिटरला ६ ग्रॅम. हे झालं सांडपाणी. आरओने यातलं ८५ टक्के पाणी गोडं करून काढलं, तर उरतं ९०० लिटर, आणि सगळं मीठ त्यात. लिटरला ४० ग्रॅम. समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅम असतं. कोइमतूरच्या माळावर आपण समुद्र तयार केला.

पण रंगवणाऱ्याला उद्या सकाळी काय हवं आहे? ६०० लिटर पाणी, लिटरला ६० ग्रॅम मीठ घातलेलं.

इथं मी पेन खाली ठेवतो. ९०० लिटर पाणी, लिटरला ४० ग्रॅम, हे आपण टाकून द्यायला निघालो होतो. त्यातलं ३०० लिटर पाणी अजून काढलं, तर ते नेमकं उद्याच्या अंघोळीचं पाणी होतं. पूर्ण कोरडं करायची, नळ्या जाळायची गरजच नाही. लिटरला ६० ग्रॅम मिठाच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे मेंब्रेनमधून पाणी ढकलताना ज्यावर मात करावी लागते तो दाब, ५० बारच्या घरात जातो. समुद्राचं पाणी गोडं करणारी मेंब्रेन ६०-७० बारवर रोज चालतात. म्हणजे हे काम मेंब्रेनच्याच आवाक्यातलं. प्रत्यक्षात काही मीठ ओल्या कापडातून आणि गाळातून हरवतं, सोडा अॅशचे क्षार वर भरतात, हिशेब इतका साफ येत नाही. तरी दिशा कळते.

बंदीनंतर ज्या केंद्रांनी ही दिशा धरली, त्यांत अरुलपुरमचं सामूहिक केंद्र पुढे होतं, रोज ५५ लाख लिटर क्षमतेचं. तामिळनाडू सरकारने केंद्रांना दुरुस्तीसाठी २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, आणि तामिळनाडू वॉटर इन्व्हेस्टमेंट कंपनीने बऱ्याच केंद्रांची तांत्रिक बाजू हाती घेतली. बदल साधा होता : रिजेक्टला रिजेक्ट न म्हणता ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी म्हणायचं, त्यातला रंग आणि कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, काढायचा, आणि वेगळ्या नळाने ते कारखान्यात परत पाठवायचं. एका नळाने गोडं पाणी, दुसऱ्याने खारं. बाष्पीभवन यंत्रांवर मग फक्त शेवटचा, खरोखर बिघडलेला हिस्सा जातो.

दोन मिठं, दोन वाटा

मेंब्रेन कुठलं लावायचं हे प्रक्रिया केंद्रातला इंजिनिअर ठरवत नाही. ते रंगाईखात्यात मिठाचं पोतं फोडणारा ठरवतो.

रंगाईला दोन मिठं चालतात. एक आपलं साधं मीठ, सोडियम क्लोराइड. दुसरं सोडियम सल्फेट, त्याचं पाणीदार रूप म्हणजे ग्लॉबर सॉल्ट. नॅनोफिल्ट्रेशनचं मेंब्रेन आरओपेक्षा सैल असतं, त्याची छिद्रं नॅनोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या अंगावरही ऋण भार असतो. क्लोराइडवर एकच ऋण भार, तो त्यातून निसटतो. सल्फेटवर दोन, त्याला मेंब्रेन मागे ढकलतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि रंगाचे मोठे कणही बरेचसे मागेच राहतात. म्हणून कारखान्यात साधं मीठ वापरलं असेल, तर आरओच्या खाऱ्या पाण्यावर नॅनोफिल्टर लावला की पलीकडे बिनरंगाचं, मऊ मिठाचं पाणी मिळतं. रंगाईला हवं तसंच.

सल्फेट वापरलं असेल, तर हाच फिल्टर कुचकामी. सल्फेट आणि रंग दोघंही एकाच बाजूला अडकतात. तिथं रंग ओझोनने किंवा रेझिनने आधी मारावा लागतो. पण सल्फेटकडे एक वेगळाच गुण आहे, आणि तो घरी बघता येतो. मी पाहिला आहे. स्टीलच्या भांड्यात हाताला कोमट लागेल अशा पाण्यात सोडियम सल्फेट विरघळेल तेवढं विरघळवलं आणि रात्री फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी भांड्यात काचेच्या सुयांसारखे लांब, पारदर्शक खडे उभे होते, पाणी अर्ध्यावर आलेलं. बोटाने उचलला तर खडा गार आणि ओला, थोडा वेळ उघड्यावर ठेवला की पांढरी भुकटी. ३२ अंशाला शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ५० ग्रॅम सल्फेट मावतं, शून्याला पाचेक ग्रॅम. साधं मीठ मात्र गरम असो की गार, ३५-३६ ग्रॅमच्या आसपासच. म्हणून सल्फेटचं दाट पाणी गार केलं की शुद्ध मीठ आपोआप बाजूला होतं आणि घाण पाण्यात राहते. शिवाय क्लोराइड तापल्या स्टीलला खातं, सल्फेट त्या मानाने सोसवतं. काही केंद्रांनी सभासद कारखान्यांना सल्फेटकडे वळवलं ते याचसाठी.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकत्र. एका केंद्राला जोडलेल्या दहा कारखान्यांतले सहा सल्फेट वापरतात आणि चार साधं मीठ, असं झालं की जे हाती येतं ते ना धड हे, ना धड ते. माझ्या मते तिरुपूरकडून शिकायची पहिली गोष्ट कुठल्याही यंत्रात नाही, एका केंद्राखाली एकच मीठ, या शिस्तीत आहे. ती पाळायला पैसे लागत नाहीत, पण सभासदांची एकजूट लागते, आणि ते जास्त अवघड आहे.

मास्टरचा भरवसा

खारं पाणी परत आलं तरी ते मशीनमध्ये घालणारा माणूस वेगळा असतो. इचलकरंजीत एका रंगाई मास्टरला मी हा सगळा हिशेब सांगितला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, हिशेब तुमचा बरोबर आहे. पण हे पाणी मशीनला घातलं आणि लॉट पट्टेरी आला, तर भरायचा कुणी?”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम राहिलं तर रंग डागाडागांत बसतो. आधीचा निळा थोडा जरी उरला असेल तर आजचा पिवळा हिरवट होतो. सोड्याचा अंश राहिला तर रंग वेळेआधीच पक्का होऊन वरच्यावर बसतो. म्हणून मी त्यांना म्हटलं, “मास्टर, मशीनला नका घालू. एक कॅन घ्या आणि लॅब डिप, म्हणजे छोट्या तुकड्यावरचा नमुना, काढा. एक तुकडा नव्या मिठात, एक या पाण्यात. आधी फिकट शेड करा, गडद नंतर.” फिकट रंगात चूक लपत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. “मग बघू की,” म्हणाले. पाण्याची घनता मोजायला त्यांनी लगेच हायड्रोमीटर मागवला, कारण परत आलेल्या पाण्यात आधीच किती मीठ आहे ते कळल्याशिवाय वर किती टाकायचं, हे ठरत नाही. खारं पाणी परत वापरायचं तर रोजच्या कामात एवढाच बदल. पण तो मास्टरच्या हातात असतो, आणि मास्टरला विश्वासात न घेता टाकलेली ब्राइनची लाइन गंजून जाते.

तिरुपूरने मीठ मुळात कमी लागावं हेही पाहिलं. जुन्या उघड्या विंच मशीनवर किलोमागे पंधरा-वीस लिटर पाणी लागायचं. पंधरा धरलं तरी शंभर किलोला ९० किलो मीठ. सॉफ्ट फ्लोवर ते ३६ वर आलं. प्रक्रिया केंद्रात मीठ परत मिळवण्यावर जेवढं बोललं जातं, त्याच्या निम्मंही या ५४ किलोंवर बोललं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे

इचलकरंजी आणि सोलापूरच्या प्रक्रिया उद्योगांना हे प्रकरण जसंच्या तसं लागू पडतं असं नाही. पंचगंगेच्या प्रदूषणात शहरांचं मैलापाणी आणि साखर कारखानेही आहेत. पण जिथं रिअॅक्टिव्ह रंगाई होते आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तिथं मिठाचा हिशेब हाच आहे.

समुद्राकाठचा हिशेब मात्र वेगळा. मुंबई महापालिकेने मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला, रोज २० कोटी लिटरचा, पुढे ४० कोटींपर्यंत वाढवायचा. ४० टक्के पाणी गोडं निघतं असं धरलं, तर २० कोटींसाठी रोज ५० कोटी लिटर उचलावं लागेल आणि ३० कोटी लिटर दाट खारं पाणी उरेल. त्यात मीठ साडेसतरा हजार टन, रोज. एवढं मीठ घेणारा गिऱ्हाईक मनोरीच्या फाटकाशी उभा नाही. तिथं प्रश्न मीठ परत विकण्याचा नाही, ते समुद्रात कुठे आणि किती पसरून सोडायचं याचा आहे, आणि खाडीतल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय त्याचं उत्तर ठरवू नये. तिरुपूरचं उत्तर तिरुपूरला लागू पडलं, कारण खारं पाणी तयार करणारा आणि खारं पाणी लागणारा कारखाना एकच होता.

जे अजून सुटलेलं नाही

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या की परत येणाऱ्या मिठात नको ते साठत जातं : सिलिका, सोड्याचे क्षार, रंगाचे तुकडे, दुसऱ्या मिठाची भेसळ. म्हणून दर फेरीत थोडा हिस्सा बाहेर काढावाच लागतो. तो बाष्पीभवन यंत्रात जातो आणि शेवटी मळकट, करड्या रंगाचं मिश्र मीठ उरतं. ते रंगाईला चालत नाही, खायच्या मिठात जाता कामा नये, आणि पुरलं तर पाण्याला लागतं. त्यावर द्विध्रुवी मेंब्रेनच्या इलेक्ट्रोडायलिसिसचा विचार करता येतो. वीज देऊन मिठाच्या पाण्यातून एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला कॉस्टिक काढायचं. दोन्ही रसायनं रंगाईखात्यात लागतातच. पण ही मेंब्रेन कठीण पाण्याला फार नाजूक. कॅल्शियम अगदी मुळापासून काढलेलं हवं, आणि मिश्र मिठात नेमकं तेच भरलेलं असतं.

अरुलपुरमएवढ्या केंद्रात, लिटरला ६ ग्रॅम धरून, रोज ३३ टन मीठ येतं. त्यातलं दहा टक्के जरी बाहेर काढावं लागलं, तरी रोज तीन टनांच्या वर पोती भरतात, वर्षाला हजार टन. ती पोती केंद्राच्या आवारात शेडमध्ये थप्पी लावून ठेवतात. जमिनीला काँक्रीट, वर पत्रा, कडेने नाली, कारण हे मीठ पाण्याचीच वाट बघत असतं. एका पावसाळ्यात तो पत्रा गळला, तर थप्पीच्या कडेने आधी पोत्यांवर ओल दिसते, मग नालीत पांढरा थर दिसतो, आणि नाली नोय्यलच्या बाजूलाच उतरते.